पोथीच्या आसनावर खूनकथा

माझ्या थोरल्या बहिणीच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, त्या हिवाळ्यात मी आयुष्यातली पहिली कादंबरी वाचली. ती फ्रेंच भाषेतून मराठीत आणलेली होती. तिच्यात एकामागून एक माणसे मारली जात होती आणि एक मेलेली बाई खिडकीशी येऊन उभी राहत होती. तोवर माझी पन्नाशी उलटली होती. सकाळी महाल भागातल्या पाठशाळेत व्याकरण शिकवावे, चातुर्मासात राममंदिरात पुराण सांगावे, या क्रमात कादंबरीला कधी जागाच झाली नव्हती. तिच्याविषयी माझ्या मनात राग नव्हता. जसा परगावच्या नदीविषयी नसतो.

बहिणीला मी अक्का म्हणत असे. ऐन तारुण्यात वैधव्य आल्यावर ती आमच्याकडे आली आणि आमचा संसार तिनेच उभा ठेवला. तिला एकच व्यसन होते. सीताबर्डीच्या एका वाचनालयातून ती रहस्यकथा आणी, त्यांना वर्तमानपत्राचे वेष्टन घाली आणि दुपारच्या वेळी माजघराच्या उंबऱ्याशी बसून वाची. एकदा मी तिला विचारले होते, "अक्का, काय मिळतं तुला ह्यात?"

"तुझ्या पोथीत राक्षस कोण ते पहिल्याच ओवीत कळून जातं," ती म्हणाली. "इथे शेवटपर्यंत वाट पाहावी लागते."

मी विषय सोडून दिला.

तिचा उजवा डोळा आधीच गेला होता. काही वर्षांपूर्वी त्यातला मोतीबिंदू काढला, तेव्हा डोके हलवू नका अशी ताकीद होती. त्या काळी शस्त्रक्रियेनंतर दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधीत, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावीत आणि कित्येक दिवस उताणे निजवून ठेवीत. पट्टीखालच्या अंधारात एकटी पडून तिचा जीव गुदमरला आणि एका दुपारी ती सरळ उठून बसली. आतला टाका उसवला, डोळा गेला. आता डावा डोळाही धुरकट झाला होता. तो वाचला तर तिला जग होते. नाहीतर उरलेले आयुष्य भिंत चाचपडत काढायचे होते.

रामदासपेठेतल्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया नीट पार पडली. डॉक्टर मला व्हरांड्यात घेऊन गेले.

"महाराज, माझं काम झालं. आता तुमचं," ते म्हणाले. "खोकला नको, हसणं नको, आणि रडणं तर मुळीच नको. मान हलता कामा नये. मागच्या वेळी त्या कंटाळून उठल्या होत्या ना? या वेळी कंटाळा येऊ देऊ नका."

मला हायसे वाटले, कारण कंटाळा येऊ न देणे हा माझा व्यवसायच होता. दुसऱ्याच दिवशी मी रामकथेची पोथी आणि ती ठेवण्याचे लहानसे लाकडी आसन घेऊन गेलो. स्टुलावर धूतवस्त्र अंथरले, त्यावर आसन, आसनावर पोथी. आचमन करून मी वाचनास आरंभ केला. मंगलाचरणाचा पहिला श्लोक संपला आणि अक्काचे दोन्ही हात पांघरुणातून वर आले, जोडले गेले, आणि हनुवटी छातीकडे झुकली.

"ओ आजी!" सिस्टर पलीकडून धावत आली. तिने दोन्ही हातांनी डोके धरले. "काय करून राहिल्या तुम्ही? डोळा पाहिजे की नाही?"

"मी कुठे काय केलं?" अक्का म्हणाली.

"मान हलवली ना!"

"मी नाही हलवली. हलली."

तिचे खरेच होते. देवाचे नाव कानी पडले की मान लवते, हे तिच्या अंगात इतके मुरले होते की त्यात तिची इच्छा विचारलीच जात नसे. मी युक्ती म्हणून वनवासाचा भाग काढला, मग युद्धाचा काढला. पण रामकथेतून रामाचे नाव गाळून कोणी वाचावे कसे? प्रत्येक ओवीच्या शेवटी ते येई, प्रत्येक वेळी अक्काच्या मानेचे स्नायू ताठ होताना दिसत आणि प्रत्येक वेळी मी वाचता वाचता थांबे. शेवटी सिस्टरनेच निर्णय दिला.

"महाराज, पोथी बंद. दुसरं काहीतरी वाचा."

त्या दिवशी मी पोथी धूतवस्त्रात गुंडाळली तेव्हा मला वाईट वाटले, हे नाकारण्यात अर्थ नाही. आजवर ज्या ग्रंथाने मला प्रत्येक संकटातून पार नेले होते, तोच माझ्या बहिणीच्या डोळ्याला अपायकारक ठरला होता. अक्का छताकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "घरी माझ्या उशीखाली पुस्तक आहे. अर्धं झालं आहे. तुळशीची काडी ठेवली आहे खुणेला."

"रहस्यकथा?"

"हो. त्यात देव नाही. मान हलायची नाही."

पुस्तकाच्या वेष्टनाखाली काळे मुखपृष्ठ होते. धुक्यातली एक खिडकी आणि काचेवर टेकलेला पांढरा हात. दुसऱ्या दिवशी ते मी पिशवीत घालून नेले. ठेवायचे कुठे, हा प्रश्न पडला. मांडीवर ठेवून वाचण्याची मला सवय नव्हती. माझी दृष्टी आणि पाठीचा कणा आसनाच्या उंचीला जुळलेला होता. क्षणभर मनातल्या मनात क्षमा मागून मी ते पुस्तक पोथीच्या आसनावर ठेवले. अक्कासाठी पुन्हा पहिल्या पानापासून आरंभ केला, कारण मधूनच वाचायला घेणे मला जमण्यासारखे नव्हते.

शेजारच्या खाटेवर रामटेककडल्या एका खेड्यातली म्हातारी होती. तिच्याही डोळ्यांवर पट्टी होती. तिचा मुलगा धानाच्या मळणीत अडकल्यामुळे तिच्याकडे क्वचितच कोणी येई. दुसरे पान उलटते न उलटते तोच तिचा आवाज आला.

"महाराज, हे कोन्या देवाचं हाय जी?"

"हे देवाचं नव्हे, आजी. परदेशातली कथा आहे."

"मंग आरतीवानी काहून म्हनून राहिले?"

"मी पण तेच विचारणार होते," अक्का म्हणाली. "वाचून राहिला आहेस की सप्ताह करून राहिला आहेस? माणूस मेला आहे तिथे. जरा साधं वाच."

मी साधे वाचण्याचा प्रयत्न केला. नावांनी माझी परीक्षा पाहिली. ती देवनागरीत जशी उतरवली होती तशी मी प्रत्येक अक्षराला न्याय देत उच्चारीत असे, आणि एकेका नावाला एकेका सामासिक शब्दाइतका वेळ लागे. शेवटी म्हातारीच म्हणाली, "ते नावं राहू द्या जी. पाववाला म्हना, घड्याळवाला म्हना. आम्हाले समजते." तेव्हापासून आमच्या कथेत पाववाला, घड्याळवाला, औषधवाला आणि फौजदार अशीच माणसे राहिली.

कथा अशी होती. नदीकाठचे एक लहान गाव, हिवाळा, दाट धुके. गावात कोणीतरी एकेकट्या राहणाऱ्या माणसांना गळा आवळून मारीत होते. तपास करणारा फौजदार विधुर होता. प्रत्येक खुनाच्या आदल्या संध्याकाळी त्याला त्या त्या घराच्या खिडकीत त्याची मृत पत्नी उभी दिसे, काचेला हात लावून. ती काही बोलत नसे. इतर कोणाला ती दिसत नसे. वरिष्ठांना हे सांगावे तर नोकरी जाणार. न सांगावे तर माणूस जाणार. तो धावत तिथे पोहोचे आणि दर वेळी उशीर झालेला असे.

इथे माझ्यापुढे एक अडचण उभी राहिली. पुराण सांगणाऱ्याने मृत्यूच्या प्रसंगावर वाचन थांबवू नये, असा आमचा दंडक आहे. वध झाला, देहत्याग झाला, तर आणखी चार ओव्या पुढे जाऊन विवाह, जन्म, दान असे काही शुभ आल्यावरच पोथी बांधावी. पण ह्या लेखकाने जणू माझा दंडक ऐकून उलट शपथ घेतली होती. त्याचे प्रत्येक प्रकरण प्रेतावर संपत असे! मी पुढचे प्रकरण घेई, शुभ शोधीत जाई, आणि शुभ सापडण्याआधी आणखी एक जण मरे. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली तरी मी वाचीतच होतो.

"महाराज, उठा आता," सिस्टर म्हणाली.

"एवढं एक मंगल येऊ द्या."

"काय येऊ द्या?"

मी दंडक समजावून सांगितला. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. पलीकडून म्हातारी म्हणाली, "अवं सिस्टर, मुडद्यावर थांबले त मले झोप येनार हाय का?" त्यावर सिस्टर स्वतःच खाटेच्या कडेला टेकली. पुढच्याच पानावर एक वृद्धा भिजून आलेल्या फौजदाराला दारात थांबवून वाटीभर गरम कढण देते असा प्रसंग आला. अन्नदान झाले होते. मी तुळशीची काडी ठेवली आणि पुस्तक मिटले. घरी पोहोचेपर्यंत संध्येची वेळ टळून गेली होती. मी प्रायश्चित्ताचे अर्घ्य देऊन ती केली. नंतर नंतर सिस्टर दारातूनच विचारी, "आलं का मंगल?"

दिवस असे जाऊ लागले. अक्काचे डोके त्या वाळूच्या पिशव्यांमध्ये मूर्तीसारखे स्थिर असे. फक्त उजव्या हाताची बोटे पांघरुणावर हलत. संशय वाढला की जलद, निवांत झाले की मंद. ती बोटे पाहूनच मी वाचनाचा वेग ठरवू लागलो. वॉर्डात संत्र्याच्या सालींचा वास असे. म्हातारीला पहिल्यापासून घड्याळवाल्याचा संशय होता आणि तिला कोणी हलवू शकत नव्हते.

"रातच्यानं फिरते तो. चांगला मानूस फिरन का?"

"आजी, ज्याच्यावर पहिल्यांदा संशय येतो तो कधीच नसतो," अक्का अनुभवाच्या अधिकाराने सांगे.

"तुमच्या पुस्तकात नसन. आमच्या गावात तोच रायते."

माझे लक्ष मात्र त्या खिडकीतल्या बाईकडे होते. अशा कथांतून भूत म्हणजे भय, असे मी ऐकून होतो. पण ही बाई मला भयंकर वाटेना. आपल्याकडे गेलेला माणूस दाराशी येतो तो काही मागण्यासाठी येतो, पाण्याची ओंजळ किंवा आठवण. ही बाई स्वतःसाठी काहीच मागत नव्हती. परक्यांच्या मरणाची वार्ता घेऊन ती धुक्यात ताटकळत होती. तर्पणाच्या वेळी ज्यांना कोणी नाही अशांसाठीही आपण एक ओंजळ सोडतो. त्या ओंजळीत परदेशातल्या पुस्तकातली एक बाई मावते की नाही, याचा विचार करीत मी एकदा पूर्ण रामदासपेठ चालत ओलांडली आणि रिक्षा करायची विसरलो.

पट्टी सोडण्याचा दिवस जवळ आला तेव्हा डॉक्टरांनी मला पुन्हा व्हरांड्यात बोलावले. "जखम भरून येते आहे. पण आताच सांभाळायचं. डोळ्यातून पाणी आलं, आत जोर पडला, तर सगळं व्यर्थ."

त्याच दिवशी वाचन आटोपल्यावर अक्का हळूच म्हणाली, "तुला ठाऊक आहे का, ही पुस्तकं मला कोणी लावली?"

"नाही."

"त्यांनी. कचेरीतून येताना आणायचे. मी चुलीशी, ते पाटावर. मी भाकरी थापायची, ते वाचायचे. तुझ्यासारखंच, नावं अडखळत." तिची बोटे थांबली. "एक अर्धं राहिलं होतं. ते मी पुढे वाचलंच नाही."

तिचे यजमान गेल्याला तेव्हा कितीतरी वर्षे लोटली होती. तितक्या वर्षांत ती त्यांच्याविषयी इतकी वाक्ये माझ्याशी कधीच बोलली नव्हती.

मी घरी गेलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, गच्चीवर उन्हात बसून, राहिलेली पाने आधीच वाचून काढली. असे मी पूर्वी केले नव्हते. पण डॉक्टरांचे शब्द कानात होते. खुनी औषधवाला निघाला. शोकात बुडालेल्यांना तोच धीर देई आणि एकटेपणातून सुटका म्हणून तोच त्यांना मारी. त्या दुर्दैवी माणसाचीही मला कीव आली. त्यानंतर शेवटचे प्रकरण होते. फौजदार घरी येतो. पत्नी ह्या वेळी त्याच्याच खिडकीत उभी असते. तो घाबरत नाही. बोलत राहतो, आपले दिवस कसे जातात ते सांगतो. ती काचेवरचा हात काढते आणि खूण करते की आता खिडकी लावून घे. तो लावतो. सकाळी उठून तो सवयीने दोन पेले मांडतो, थोडा वेळ पाहतो आणि एक पुन्हा फळीवर ठेवतो. पुस्तक तिथे संपते.

माझे डोळे भरून आले. मला भरू देण्यास हरकत नव्हती.

माझ्या गुरूंपाशी मी शिकलो तेव्हा एक मात्रा चुकली तरी आरंभापासून पुन्हा म्हणावे लागे. ग्रंथात आपले अक्षर घालू नये, ग्रंथाचे अक्षर गाळू नये, हे माझ्या हाडांत भिनलेले होते. मी काही शब्द गाळावे असा विचार केला, पण दोन पेल्यांतला एक गाळला तर काय उरते? थांबावे म्हटले तर शेवटच्या प्रकरणापाशी अडवून ठेवलेली अक्का शांत पडून राहिली नसती. तिचा उजवा डोळा अशाच एका अस्वस्थ दुपारी गेला होता.

त्या दुपारी मी आसनावर पुस्तक ठेवले आणि वाचू लागलो. औषधवाला पकडला गेला तेव्हा म्हातारी खवळली. "मंग तो घड्याळवाला रातच्यानं काहून फिरत होता जी?"

"त्याला झोप येत नसे, आजी. बायको आजारी होती."

"मंग पहिलेच सांगाचं ना त्यानं!"

अक्काच्या ओठांना हसू फुटू लागले तसा मी घाईने पुढे गेलो. शेवटचे प्रकरण आले. फौजदार घरी आला, खिडकीपाशी गेला. तिथून पुढे माझी दृष्टी अक्षरांवर होती, पण माझ्या तोंडून निघाले ते तिथे नव्हते. मी म्हणालो की त्याने खिडकी उघडली. धुके विरले होते, नदीवर ऊन पडले होते. ती आत आली आणि आपल्या जुन्या खुर्चीवर बसली. त्याने दोन पेले मांडले. गावात त्या दिवसापासून कोणाचे अकाली मरण झाले नाही. गाईंना दूध आले, आणि जे जे ही कथा ऐकतील त्यांच्या घरीही... इथे माझ्या ध्यानात आले की मी फलश्रुतीकडे चाललो आहे, आणि मी थांबलो. पान उलटल्यासारखे केले आणि पुस्तक मिटले.

"चांगलं झालं जी," म्हातारी समाधानाने म्हणाली. "आली बिचारी घरी."

अक्काची बोटे पांघरुणावर सपाट होती. मान जागच्या जागी होती.

पट्टी सोडली त्या सकाळी खोलीचे पडदे ओढलेले होते. डॉक्टरांनी शेवटचा कापूस काढला, डोळ्यापुढे एक जाड भिंग धरले आणि विचारले, "आजी, समोर कोण आहे?"

तिने बराच वेळ पापण्या हलवल्या.

"माझा भाऊ," ती म्हणाली. "गंध वाकडं लावून आला आहे."

डॉक्टर मोठ्याने हसले. मी व्हरांड्यात जाऊन, कोणाला दिसणार नाही अशा खांबाआड, जे म्हणायचे ते देवाला म्हणालो.

म्हातारीचा मुलगाही तिला न्यायला आला. तिने मला संत्री दिली आणि मुलाला तिथेच उभ्या उभ्या कथा सांगण्यास आरंभ केला, खुर्चीवर येऊन बसलेल्या बाईपासून, म्हणजे शेवटाकडून. मी तिला दुरुस्त केले नाही. रामटेककडल्या त्या खेड्यात ती कथा माझ्याच शेवटासह सांगितली गेली असेल, आणि कदाचित अजूनही कोणाला आठवत असेल.

जाड भिंगांचा चष्मा येण्यास काही आठवडे लागले. तो आला त्या दुपारी अक्काने काळे मुखपृष्ठ पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळले आणि उंबऱ्याशी बसली. मुदत केव्हाच उलटून गेलेले ते पुस्तक मी परत करायला निघालो होतो, पण ती म्हणाली, "राहू दे. मला स्वतः वाचायचं आहे." ती रोज थोडे वाची. मी पाठशाळेतून परतलो की तुळशीची काडी कुठवर सरकली ते पाही.

एके दिवशी काडी पुस्तकाबाहेर, जमिनीवर पडलेली होती. पुस्तक तिच्या मांडीवर मिटलेले होते.

"तू वाचलंस ते ह्यात नाही," ती म्हणाली.

"नाही."

"मला तेव्हाच कळलं होतं. तुझा आवाज पुराणाचा झाला. आणि इतक्या खुनांनंतर गाईंना दूध कुठून येणार?" ती थोडी हसली, मग थांबली. "मी पडल्या पडल्या विचार करीत होते, असं काय असेल तिथे, जे ह्याने माझ्यापासून लपवलं. त्या विचारातच उरलेले दिवस निघून गेले. हलायचं सुचलं नाही."

तिने पुस्तक माझ्यापुढे केले.

"आता वाच. जसं आहे तसं. अक्षरही बदलू नकोस."

मी आतून आसन आणले, तिच्यासमोर ठेवले आणि शेवटचे प्रकरण वाचले. खिडकी, काचेवरचा हात, ती खूण. चुलीवर आमटी उकळत होती आणि तिच्याकडे आमच्यापैकी कोणी पाहिले नाही. दोन पेले मांडले गेले, एक फळीवर परत गेला. त्यात देवाचे नाव कुठेच नव्हते. तरी मी पुस्तक मिटले तेव्हा अक्काने चष्मा काढून बाजूला ठेवला, हात जोडले आणि मान आसनापर्यंत लववली. तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होते. मी ते वाहू दिले.